कपलिंगचा वॉशर बदलूनही हवा गळतेच? आधी नळी कशी टांगली आहे ते बघा

तक्रार ठरलेली असते. घोडा, म्हणजे ओढणारा पुढचा ट्रक, ट्रॉलीला जोडला की केबिनच्या मागून सूंऽऽ आवाज येतो, इंजिन बंद केलं की गेजचा काटा हळूहळू उतरायला लागतो. मिस्त्री येतो, कपलिंग (ब्रेकच्या हवेची नळी ट्रॉलीला जोडणारा सांधा) सोडतो, आतला रबरी वॉशर बदलतो, आवाज बंद. काही दिवसांत पुन्हा तोच आवाज, आणि बहुतेक वेळा त्याच नळीला. न्हावाशेवा ते कळंबोली पट्ट्यात कंटेनर ओढणाऱ्या गाड्यांना हे दुखणं इतकं नेहमीचं आहे की बरेच ड्रायव्हर डॅशबोर्डच्या खणात वॉशरची पुडी ठेवूनच फिरतात.

वॉशर स्वस्त, दोन मिनिटांत बसतो आणि गुण लगेच येतो, म्हणून तोच बदलला जातो. पण चांगल्या प्रतीचा वॉशर असा दर पंधरवड्याला मरत नसतो. तो मरतोय म्हणजे त्याला कुणीतरी मारतंय, आणि बहुतेक गाड्यांवर हा कुणीतरी म्हणजे नळीची टांगणी. आखूड पडलेली, लोंबणारी किंवा पिळलेली नळी कपलिंगला दिवसभर एका बाजूला ओढत राहते. ते ओढणं थांबलं नाही तर सोन्याचा वॉशर बसवला तरी टिकणार नाही.

आधी कुठली नळी ते ठरवा

घोड्याकडून ट्रॉलीला ब्रेकच्या हवेच्या दोन नळ्या जातात. लाल आणि पिवळ्या नळीचं काम वेगळं आहे, त्यामुळे दोघींची गळतीही वेगळी ओळखू येते. लाल नळीत हवा कायम भरलेली असते. तीच ट्रॉलीची टाकी भरते. पिवळी एरवी रिकामी असते. पायाचा ब्रेक दाबला की तिच्यातून हवा जाते आणि ट्रॉलीच्या रिले व्हॉल्व्हला (टाकीतली हवा चाकांच्या ब्रेकला सोडणारा व्हॉल्व्ह) किती ब्रेक लावायचा ते कळतं. म्हणून पाय पेडलवर नसतानाही आवाज येत असेल तर लाल बाजू बघायची, फक्त पेडल दाबल्यावर येत असेल तर पिवळी. तरीही घाईत दोन्ही वॉशर बदलले जातात, आणि मग गळती नेमकी कशाने थांबली होती हेच कळत नाही.

तपासणी सपाट जागेवर करा आणि सुरुवात चाकांपासून करा. ट्रॉलीच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावा. बऱ्याच जुन्या ट्रॉल्यांना मागे स्प्रिंग ब्रेक (हवा गेली की स्प्रिंगने लागणारा ब्रेक) नसतो. लाल नळी काढल्यावर त्यांचा ब्रेक लागतो खरा, पण तो टाकीतल्या हवेवर धरलेला असतो. टाकी रात्रभरात हळूहळू रिकामी झाली की ब्रेक आपोआप सुटतो. संध्याकाळी जागेवर घट्ट उभी केलेली ट्रॉली पहाटे उताराला लागते, ती अशी.

आता हवा पूर्ण भरू द्या. ड्रायरने (हवेतलं पाणी काढणाऱ्या डब्याने) फस्स केलं की इंजिन बंद करून काट्याकडे बघत 1 मिनिट थांबा. अमेरिकेत जोडगाडीच्या चालक परवान्याच्या चाचणीत ब्रेक सोडलेले असताना 1 मिनिटात 3 पीएसआयपेक्षा जास्त आणि पेडल दाबून धरलेलं असताना 4 पीएसआयपेक्षा जास्त घट झाली तर गाडी नापास धरतात. आपल्या किलोच्या गेजवर 3 पीएसआय म्हणजे जेमतेम 0.2 किलो. मिनिटाभरात काटा नजरेला सरकताना दिसला तर गळती दुरुस्त करण्याजोगी आहे, एवढं धरून चाला.

घोडा दोषी की ट्रॉली, हे ठरवायला लाल कपलिंग सोडा. पाम कपलिंगच्या (दोन चपटी तोंडं एकमेकांवर फिरवून अडकवायचं कपलिंग) घोड्याकडच्या लाल तोंडात बहुधा आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह असतो. काही गाड्यांना नळीच्या आधी कॉक असतो, तो बंद करा. दोन्ही नसेल तर डमी कपलिंग लावून तोंड बंद करा. कपलिंग सुटल्यावर घोड्याचा काटा जागेवर थांबला तर गळती कपलिंगच्या सांध्यात किंवा त्याच्या पुढे, ट्रॉलीकडे आहे. उतरतच राहिला तर ट्रॉलीला बोल लावू नका.

मग साबणाचं पाणी. ब्रशने लावा आणि फेस कुठे फुगतो ते नीट बघा, कारण ‘कपलिंगमधून गळतंय’ या एका वाक्यात तीन वेगळ्या जागा येतात: दोन तोंडं जिथे भिडतात तो सांधा, कपलिंगच्या मागचा आट्यांचा सांधा आणि नळीच्या टोकाला दाबून बसवलेली धातूची टोपी. वॉशरचा संबंध फक्त पहिल्या जागेशी. टोपीपाशी बुडबुडे आले तर नळी बदलायची. तिथे क्लिप आवळून काही होत नाही. आणखी एक ठिकाण फसवतं: ट्रॉलीखालच्या रिले व्हॉल्व्हच्या हवा सोडण्याच्या भोकातून येणारा आवाज. चासीच्या पोकळीत तो घुमतो आणि पुढून आल्यासारखा वाटतो. हाताचा पंजा त्या भोकाजवळ धरला की लगेच कळतं. तो दोष व्हॉल्व्हचा किंवा बूस्टरचा (चाकाचा ब्रेक दाबणाऱ्या हवेच्या डब्याचा) असतो, त्यात कपलिंगचा काही संबंध नाही.

काढलेला वॉशर फेकू नका, वाचा

सगळ्यात जास्त माहिती इथे मिळते आणि नेमकी हीच वस्तू मिस्त्री काढल्या काढल्या गटारात भिरकावतो. वॉशर पुसून तळहातावर घ्या आणि उजेडाकडे धरून गोल फिरवा.

कड एका बाजूला चपटी, चकचकीत झालेली आणि समोरच्या बाजूला जवळपास नवीकोरी असेल, तर कपलिंग वाकडं बसत होतं. नळी त्याला ओढत होती किंवा नळीच्या वजनाने ते खाली झुकत होतं. काढण्याआधी वॉशरवर वरच्या अंगाला खडूची खूण केलीत तर ओढ कुठल्या दिशेने आहे तेही कळतं. चपटी बाजू खाली असेल तर नळी लोंबते आहे. डावी किंवा उजवी असेल तर ट्रॉलीच्या ब्रॅकेटपर्यंत (ट्रॉलीकडचं कपलिंग बसवलेल्या पट्टीपर्यंत) ती तिरकी ताणली जाते आहे. पुन्हा पुन्हा येणाऱ्या तक्रारींमध्ये मी सर्वांत जास्त पाहिलेला वॉशर हाच.

वॉशर सगळीकडून सारखाच फुगलेला, मऊ, चिकट झाला असेल तर त्याने तेल प्यायलंय. स्वच्छ पांढरं फडकं बोटाला गुंडाळून कपलिंगच्या आतून फिरवा. काळं तेलकट निघालं तर कॉम्प्रेसर तेल फेकतोय आणि ड्रायरचं कार्ट्रिज संपलंय. तिथे खर्च केल्याशिवाय वॉशर टिकणार नाही, आणि पुढे ब्रेकचे व्हॉल्व्हही बिघडायला लागतील. पावसाळ्यात फडक्यावर तेलाऐवजी नुसतं पाणी आलं तर टाक्यांचे ड्रेन उघडा आणि किती पाणी निघतं ते बघा.

कडेला एकाच ठिकाणी बारीक चीर असेल तर समोरच्या तोंडावर बोट फिरवा. कपलिंग ॲल्युमिनियमचं असतं. हातोडीने ठोकून बसवायची सवय असली की त्याच्या कडेला टवका निघतो आणि तो टवका प्रत्येक नवीन वॉशर कापतो. उरणकडच्या खाऱ्या हवेत त्याच तोंडावर पांढरी भुकटी जमते आणि खाली खड्डे पडतात. खड्डा पडलेल्या तोंडावर कुठलाही वॉशर बसत नाही.

आणि रंग! पासिंगच्या आधी ट्रॉलीला स्प्रे मारतात तेव्हा रंगारी कपलिंग झाकत नाही. लाल काय, पिवळं काय, चासीबरोबर सगळं एका रंगात न्हाऊन निघतं, वॉशरसुद्धा. रंग वाळला की वॉशरवर कडक पापुद्रा धरतो, तो तडकतो, आणि पासिंग होऊन आलेली गाडी दुसऱ्या दिवशी हवा सोडते. रंगकामाआधी कपलिंगवर प्लॅस्टिकची पिशवी बांधून वर रबर लावलं की काम भागतं. रंगाऱ्याच्या भरवशावर राहू नका, ते काम स्वतः करा.

नवीन वॉशर बसवताना खाच फडक्याने कोरडी पुसा. ग्रीस, सिलिकॉन, टेफ्लॉन टेप यातलं काहीही वॉशरच्या तोंडावर लावायचं नाही. टायरच्या ट्यूबमधून कापलेला वॉशर किंवा एकावर एक दोन वॉशर हा प्रकार रात्रीपुरता आवाज बंद करतो, पण दोन वॉशरच्या जाडीमुळे कपलिंग पूर्ण फिरत नाही, अर्ध्यावरच अडकतं, आणि घाटातल्या एखाद्या धक्क्याला सुटतं.

टांगणी: खरं काम इथे आहे

घोडा आणि ट्रॉली सरळ रेषेत उभी असताना सगळ्याच नळ्या छान दिसतात. सीएफएसच्या (कंटेनर भरण्या-उतरवण्याच्या गोदामाच्या) आवारात ड्रायव्हर कंटेनर लावायला गाडी मागे घेतो, घोडा ट्रॉलीशी जवळजवळ काटकोनात वळतो, तेव्हा खरं काय ते दिसतं. एका बाजूच्या वळणाला नळी ढिली पडून केबिनमागच्या पाटावर (उभं राहायच्या फळीवर) लोळते, दुसऱ्या बाजूला तारेसारखी ताठ होते. म्हणून तपासणी वळवूनच करायची. मोकळ्या जागेत एकाने गाडी अगदी हळू पूर्ण डावीकडे आणि मग पूर्ण उजवीकडे वळवायची, दुसऱ्याने बाहेर, ड्रायव्हरला दिसेल अशा जागी लांब उभं राहून बघायचं. केबिनमागच्या पाटावर उभं राहून बघू नका. तिथे चिरडून माणसं गेली आहेत.

बघायचं काय? पूर्ण वळणावरही नळीत थोडा झोळ उरला पाहिजे, आणि सरळ असताना तो झोळ पाट, सायलेन्सर, प्रोपेलर शाफ्ट किंवा फिफ्थ व्हीलच्या (ट्रॉली टेकते त्या घोड्यावरच्या थाळीच्या) ग्रीसला टेकता कामा नये. टेकतेय का ते नळीच सांगते. तिच्या पाठीवर एके ठिकाणी चकाकी आलेली असते, किंवा ग्रीसमध्ये बुडून रबर फुगलेलं असतं. आतले धागे दिसायला लागले असतील तर नळी आजच बदला.

या पट्ट्यातला खास घोळ म्हणजे अदलाबदल. एकच घोडा सकाळी 40 फुटी सांगाडा (कंटेनरची उघडी ट्रॉली) ओढतो, दुपारी 20 फुटी, आणि कधी लो-बेड (बुटकी ट्रॉली). प्रत्येक ट्रॉलीचं ब्रॅकेट वेगळ्या उंचीवर, कुठे मधोमध, कुठे एका कडेला. एका ट्रॉलीला बेतलेली नळी दुसरीला तिरकी ताणली जाते. आखूड पडली की ड्रायव्हर सुतळीने ओढून बांधतो, लांब पडली की गाठ मारतो. तुमच्या ताफ्यात ट्रॉल्या बदलत असतील तर नळी सगळ्यात लांबच्या ब्रॅकेटला पुरेल अशी घ्या आणि उरलेला झोळ स्टँडवर उचलून धरा. ट्रॉल्या स्वतःच्या असतील तर त्याहून सोपं म्हणजे वेल्डरला बोलावून सगळी ब्रॅकेटं एका उंचीला आणि एका बाजूला आणून घेणं. एकदाच पैसे जातात.

केबिनमागचा नळीचा स्टँड हा हललाच पाहिजे. अमेरिकेत स्प्रिंगवर डोलणारी उभी कांडी लावतात, तिला ते पोगो स्टिक म्हणतात. घोडा वळला की ती त्या बाजूला झुकते आणि सरळ झाल्यावर नळ्या पुन्हा वर उचलते. आपल्याकडे नवीन गाडीबरोबर स्टँड येतो, पण स्प्रिंग तुटल्यावर तिथे सळई वेल्ड करून टाकतात. सळई हलत नाही, मग ओढ सरळ कपलिंगवर येते. स्प्रिंग मिळाली नाही तर टायरच्या ट्यूबची रुंद पट्टी टांगा. ताणली जाते आणि परत येते, एवढंच हवं असतं. वॉशरसाठी नको म्हटलेली ट्यूब इथे चालते. नायलॉनची दोरी मात्र नको, ती नळीला कापते.

दोन नळ्या आणि दिव्यांची केबल एकत्र बांधणं चांगलंच, त्यामुळे लोंबणं कमी होतं. पण बांधताना एक गोष्ट हमखास सुटते. तिघींमधली जी सगळ्यात आखूड, सगळी ओढ तिच्यावरच येते. मग एकच कपलिंग पुन्हा पुन्हा गळत राहतं आणि दुसरं वर्षानुवर्षं ठीक असतं. म्हणून आधी तिन्ही ट्रॉलीला जोडा, मग ट्रॉलीकडून घोड्याकडे बांधत या. ट्रॉलीजवळचा शेवटचा हातभर भाग मोकळा सोडा, म्हणजे प्रत्येक कपलिंग आपापल्या दिशेने सरळ बसतं.

पीळ बघायला रबरी नळीवर छापलेली अक्षरांची ओळ कामाला येते. ती नळीभर एका रेषेत गेली पाहिजे. दोरीच्या पेडासारखी फिरत गेली असेल तर नळी पिळलेली आहे, आणि तो पीळ कपलिंगला थोडं थोडं उलटं फिरवत राहतो. मागचा सांधा ढिला करा, पीळ जाऊ द्या, मग आवळा. सुझी कॉइल (स्प्रिंगसारखी गुंडाळलेली प्लॅस्टिकची नळी) असेल तर तिची स्प्रिंगसारखी ओढ बघा. उन्हाने कडक झालेली कॉइल ताणल्यावर परत गोळा होत नाही, पाटावर पसरून राहते. ती बदलण्यावाचून इलाज नाही.

कपलिंग झिजलं असेल तर

जोडलेलं कपलिंग हाताने धरून हलवा. खडखडलं तर फिरून अडकणारी पत्ती किंवा कान झिजलाय. इथे अदलाबदलीचा आणखी एक तोटा होतो: एका घोड्याचं झिजलेलं कपलिंग रोज नव्या ट्रॉलीला लागतं आणि तिचीही पत्ती खातं. ताफ्यात अचानक बऱ्याच ट्रॉल्या गळायला लागल्या तर आधी घोडे तपासा.

पाम कपलिंगला लाल आणि पिवळ्याचे कान वेगवेगळ्या जागी असतात, त्यामुळे नळ्या उलटसुलट लागत नाहीत. पण कान कानसीने घासून ‘सगळीकडे बसणारं’ करून घेतलेली कपलिंगं मी पाहिली आहेत. अशा गाडीला नळ्या उलट लागल्या तर ट्रॉलीची टाकी भरतच नाही. स्प्रिंग ब्रेक असेल तर ट्रॉली जॅम राहते आणि ड्रायव्हर वैतागून उतरतो, ते एका अर्थी बरंच. स्प्रिंग ब्रेक नसेल आणि टाकी आधीच रिकामी असेल तर ट्रॉली बिनब्रेकची मागून येते. कान घासलेलं कपलिंग दिसलं तर ते भंगारात टाका, विकू नका.

जोडताना आधी पिवळी, मग लाल. सोडताना आधी लाल, मग पिवळी. लाल लागली की ट्रॉलीचा ब्रेक सुटू शकतो, तेव्हा पायाच्या ब्रेकची पिवळी आधीच जोडलेली हवी. आणि लाल सुटली की ब्रेक लागतो, म्हणून सोडताना ती पहिली.

गळत नाही, पण चाकं तापतात

हे पिवळ्या नळीचं गुपचूप दुखणं. झोळ आवरायला नळी इतकी मुडपून बांधलेली असते की आत घडी पडते. ब्रेक दाबताना जोराची हवा वाट काढत जाते, पण पाय उचलल्यावर उलटी यायला वेळ घेते. ब्रेक उशिरा सुटतो, लायनर घासत राहतात. कसाऱ्याला किंवा खंबाटकीला उतरताना मागून जळका वास येतो आणि स्लॅक ॲडजस्टर (ब्रेकचं अंतर जुळवणारे भाग) बदलले जातात. त्याआधी साधी तपासणी करा: एकाने पेडल दाबून पटकन सोडायचं, दुसऱ्याने ट्रॉलीच्या रिले व्हॉल्व्हपाशी ऐकायचं. पाय उचलताच तिथून एकदम मोठी फुस्स आली पाहिजे. लांबत, रेंगाळत आली तर पिवळी नळी हाताने चाचपत जा, घडी सापडेल.

वाटेत लाल नळी फुटली तर

ट्रॉलीचे ब्रेक आपोआप लागतात आणि गाडी जिथल्या तिथे उभी राहते. ती व्यवस्था तशीच बनवलेली आहे, तिच्याशी भांडू नका. ट्रॉलीखालच्या इमर्जन्सी व्हॉल्व्हचं बटण दाबून ब्रेक मोकळे करायचे आणि ‘पुढच्या ढाब्यापर्यंत’ जायचं, हा सल्ला घाटात कोणी दिला तर ऐकू नका. त्या अवस्थेत मागच्या 30-40 टनांना ब्रेक नसतो. दिवे लावा, त्रिकोण ठेवा, चाकांना ठोकळे लावा. गाडीत एक सुटी लाल नळी, वॉशरची जोडी आणि कपलिंग फिरवायला योग्य मापाचा पाना असेल तर काम जागेवर होतं. प्लॅस्टिकची कॉइल तुटली असेल तर मापाची पुश फिटिंगची जोडणी घालून हळू वेगात जवळच्या वर्कशॉपपर्यंत जाता येतं. रबरी नळीला आत पाइपचा तुकडा आणि वर क्लिप हा जोड मात्र हवेच्या दाबाला धरत नाही.

यार्डात महिनोन् महिने उभी असलेली ट्रॉली पहिल्यांदा जोडताना तिच्या कपलिंगच्या तोंडात टॉर्च मारा. झाकण नसलेल्या तोंडात कुंभारमाशी मातीचं घर बांधते. ते हवेबरोबर आत गेलं की आधी फिल्टर बुजवतं, आणि फिल्टर नसेल तर थेट व्हॉल्व्ह. टाकी भरायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागत असेल तर पहिल्यांदा तो फिल्टर काढून झटका. झाकण मिळत नसेल तर कपलिंग रिकाम्या डमीवर अडकवून ठेवा, किंवा निदान तोंड खाली राहील असं फडकं बांधा.